यूएटीच्या तिसऱ्या दिवशी ‘आम्ही असं करत नाही’: दर प्रोजेक्टला तेच का होतं आणि कुठे तपासायचं

लक्षण ओळखीचं आहे. रिक्वायरमेंटचं, म्हणजे सिस्टीमने काय काय करायचं याचं, डॉक्युमेंट तयार असतं, पानापानावर सही असते. डेव्हलपरने त्यात लिहिलंय तेच बनवलेलं असतं, टेस्टरने तेच तपासलेलं असतं. यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः करायची शेवटची चाचणी, सुरू होते. पहिले दोन दिवस लॉगिन चालत नाही, प्रिंट कापून येते, यात जातात. तिसऱ्या दिवशी ते काम रोज करणारा माणूस पहिल्यांदा खुर्चीत बसतो, दोन नोंदी करतो, थांबतो आणि म्हणतो, ‘‘पण आम्ही असं करत नाही.’’

मग डॉक्युमेंट उघडलं जातं. कलम ४.२.७ मध्ये अगदी तसंच लिहिलेलं असतं. क्लायंटचा मॅनेजर स्वतःच्या सहीकडे बघतो, आपला मॅनेजर आपल्याकडे बघतो, आणि पुढचे दोन आठवडे ‘हा बग (आपली चूक) की चेंज (त्यांची नवी मागणी)’ या वादात जातात. पुढच्या प्रोजेक्टला पुन्हा हेच.

एकदा झालं तर नशीब म्हणून सोडून द्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा होत असेल तर पुढचं वाचा. मी बिझनेस अ‍ॅनालिस्टचं (वापरणाऱ्यांना काय हवं ते समजून लिहून काढायचं) काम करतो आणि यातल्या बहुतेक चुका स्वतः केलेल्या आहेत.

करून बघितलेले आणि न चाललेले उपाय

डॉक्युमेंट मोठं केलं. साठ पानांचं दीडशे पानांचं झालं, आणि आधी जे दोघं वाचायचे तेही वाचेनासे झाले.

सही कडक केली. प्रत्येक विभागप्रमुखाची सही घेतली. विभागप्रमुखाने शेवटची नोंद स्वतःच्या हाताने कधी केली होती हे त्यालाही आठवत नव्हतं. त्याने विश्वासाने सही केली, आणि त्या विश्वासाचं ओझं नंतर आमच्यावर आलं.

टूल बदललं. एक्सेलमधली यादी जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली. चुकीच्या वाक्याला आता क्रमांक मिळाला, एवढाच फरक.

‘आता अ‍ॅजाइल करू’ हेही केलं, म्हणजे दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं बनवून दाखवायचं. त्याचा खरोखर फायदा झाला, कारण जे सहा महिन्यांनी कळायचं ते दोन आठवड्यांनी कळू लागलं. पण डेमोला तोच मॅनेजर बसायचा, आणि स्क्रीनवर डेव्हलपरने भरलेला ‘टेस्ट १’, ‘टेस्ट २’ असा डेटा असायचा. असा डेटा बघून कुणालाही काही खटकत नाही. पुरवठादाराचं नाव ‘एबीसी’, रक्कम १००, तारीख आजची. सगळं छान दिसतं.

आधी यादी फोडा

औषध देण्याआधी रोग कोणता ते बघावं लागतं. गेल्या यूएटीची तक्रारींची यादी काढा. तीस-चाळीस ओळी असतील. टेस्टर आणि एक डेव्हलपर यांना सोबत घेऊन एका दुपारी प्रत्येक ओळीसमोर खूण करा: हे कुणी सांगितलंच नव्हतं का? सांगितलं होतं, पण शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला का? गरजेऐवजी कुणाच्या तरी मनातला उपाय लिहिला गेला का? जुन्या सिस्टीममधून आंधळेपणाने उचललं का? बरोबर लिहिलं होतं, पण तपासलं नाही का? की मध्यंतरी धंद्यातच काही बदललं?

क्लायंट आणि आपण दोघंही नेहमी शेवटच्या कप्प्याकडे बोट दाखवतो: ‘रिक्वायरमेंट बदलली’. मी फोडलेल्या याद्यांमध्ये तो कप्पा प्रत्येक वेळी सगळ्यांत हलका निघाला. बहुतेक गोष्टी पहिल्या दिवसापासून तशाच होत्या, आपल्याला उशिरा कळल्या. हे मान्य केलं की भांडण निम्मं होतं, कारण ‘तुम्ही शब्द फिरवला’ असं कुणी कुणाला म्हणायची गरज उरत नाही.

यादी फोडताना ‘चूक कुणाची’ हा रकाना ठेवू नका. ठेवलात की सगळ्या ओळी शेवटच्या कप्प्यात जाऊन बसतील.

पेन्सिलने केलेल्या नोंदी

शब्दाच्या अर्थाचा घोळ सगळ्यांत महाग पडतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

खरेदीच्या बिलांची सिस्टीम होती. डॉक्युमेंटमधलं वाक्य: ‘बिल मंजूर झाल्यानंतर त्यात बदल करता येणार नाही.’ वाक्यात खोट काढायला जागा नाही. एकच गोष्ट सांगतं, तपासता येतं, वाचायला सोपं. सगळ्यांच्या सह्या.

तिसऱ्या दिवशी हिशेब विभागातल्या मॅडमनी एक बिल उघडलं, संख्या बारावरून दहा करायला गेल्या, आणि रकाना राखाडी. मी म्हटलं, ‘‘मंजूर झालेलं बिल आहे, बदलता येणार नाही असं ठरलंय.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मंजूर कुठे झालंय? नुसतं पास झालंय.’’

तिथे मला पहिल्यांदा घाम फुटला. भांडारात माल मोजून चलनाशी जुळवला की ते लोक म्हणायचे ‘बिल पास झालं’. विभागप्रमुखाची सही झाली की ‘मंजूर झालं’. पैसे गेले की ‘बिल सुटलं’. तीन वेगळी माणसं, तीन वेगळे क्षण, मध्ये कधी कधी महिन्याचं अंतर. मीटिंगमध्ये भांडारातल्या माणसाने ‘पास’ म्हटलं, मी वहीत ‘अ‍ॅप्रूव्ह्ड’ लिहिलं. प्रमुखांनी ‘मंजूर’ म्हटलं, तेव्हाही ‘अ‍ॅप्रूव्ह्ड’ लिहिलं. बोलणं मराठीत आणि डॉक्युमेंट इंग्रजीत, आणि तो पूल ओलांडताना दोन शब्दांचा एक शब्द झाला. तो मी केला, दुसऱ्या कुणी नाही. सिस्टीमने पहिल्या क्लिकलाच कुलूप लावलं.

मग मी त्यांचं जुनं रजिस्टर बघायला मागितलं. तीन महिन्यांच्या मीटिंगांत ते एकदाही टेबलावर आलं नव्हतं, कारण मी मागितलंच नव्हतं. त्यात काही ओळी शाईने होत्या, काही पेन्सिलने.

‘‘ही पेन्सिल कशाला?’’

‘‘माल आलाय, पण दोन नग फुटके निघाले. पुरवठादार मान्य करेपर्यंत आकडा पक्का नाही. शाईने लिहिलं तर खाडाखोड होते, ऑडिटवाले विचारतात.’’

आमच्या सिस्टीममध्ये पेन्सिल नव्हती. मसुदा होता आणि अंतिम होतं. ‘माल ताब्यात आहे, नोंद झाली पाहिजे, पण आकडा वादात आहे’ ही अवस्था कुणाच्या डोक्यात आली नव्हती, आणि महिनाअखेरीला नेमकी तीच लागायची. शेवटी त्या एका वाक्याच्या जागी चार अवस्था आल्या: माल मिळाला, तक्रार प्रलंबित, मंजूर, पैसे दिले. प्रत्येक अवस्थेत कोण काय बदलू शकतं ते एकेका ओळीत लिहिलं. तक्रार प्रलंबित असताना संख्या आणि रक्कम हिशेब विभाग बदलू शकेल, जुना आकडा आणि कारण मागे राहील. मंजूर झाल्यावर कुणीच नाही, फक्त प्रमुख बिल परत पाठवू शकतील. हे सुरुवातीला तासाभरात लिहून झालं असतं. यूएटीत दीड आठवडा गेला, आणि तीन रिपोर्ट पुन्हा करावे लागले.

यातून दोन सवयी लागल्या. पहिली, शब्दांची यादी. डॉक्युमेंट कोणत्याही भाषेत असो, वापरणाऱ्याच्या तोंडातला शब्द जसाच्या तसा लिहायचा आणि त्यापुढे तो कोणत्या क्षणी लागू होतो ते लिहायचं. ‘पास’, ‘क्लिअर’, ‘बंद’, ‘सुटलं’, ‘पेंडिंग’ हे शब्द ऐकले की थांबून विचारायचं: कुणी काय केलं की हे असं म्हणता? ‘ग्राहक’ या शब्दावरही थांबा. विक्रीवाल्यांसाठी चौकशी करणाराही ग्राहक, वसुलीवाल्यांसाठी ज्याच्या नावावर बिल निघालं तोच. आणि ‘तारीख’ तर नुसती कधीच लिहू नका. बिलावरची तारीख, माल आल्याची तारीख, नोंद केल्याची तारीख या तीन वेगळ्या असतात, आणि रिपोर्ट जुळत नाही तेव्हा मी सगळ्यांत आधी तिथेच बघतो.

दुसरी सवय, कागद मागायचा. रजिस्टर, वही, शेजारी चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, ‘फायनल_नवीन_३’ नावाची एक्सेल फाइल. माणूस प्रक्रिया सांगतो तेव्हा ती कशी असायला हवी ते सांगतो. कागदावर ती कशी आहे ते दिसतं.

वाक्यच बघा

मराठीत डॉक्युमेंट लिहीत असाल तर आपल्या भाषेचे काही खास सापळे आहेत. ‘नोंद केली जाईल.’ कोण करेल? सिस्टीम आपोआप, की क्लार्क? ‘बदल करता यावा.’ कुणाला? ‘कळवण्यात येईल’, ‘तपासणी व्हावी’ हे सरकारी वळण कानाला भारदस्त वाटतं आणि त्यातला कर्ता गुपचूप पळून जातो. प्रत्येक वाक्यात करणारा कोण ते हाताने घाला. सिस्टीम असेल तर ‘सिस्टीमने’ असं लिहा.

‘पर्यंत’ हा आणखी एक. ‘३१ तारखेपर्यंत अर्ज स्वीकारावेत’ यात ३१ धरायची की नाही? रात्री बारापर्यंत, की ऑफिस बंद होईपर्यंत? ‘पंधरा दिवसांच्या आत’ म्हणजे कोणत्या दिवसापासून मोजायचं, सुट्ट्या धरून की सोडून? डेव्हलपर यातलं काहीतरी एक गृहीत धरतोच. तो विचारत नाही, कारण त्याला वाटतं की हे उघड आहे.

मग डॉक्युमेंटमध्ये शोधाची खिडकी उघडा आणि हे शब्द एकेक करून टाका: इत्यादी, वगैरे, शक्यतो, आवश्यकतेनुसार, योग्य ती, तातडीने, सोपं, जलद. जिथे सापडतील तिथे एक न झालेला निर्णय पडलेला आहे. ‘जलद’च्या जागी किती नोंदी असताना किती सेकंद, ते लिहा. ‘योग्य त्या अधिकाऱ्याकडे’च्या जागी पद लिहा, आणि तो रजेवर असेल तर कुणाकडे तेही.

वाक्याचा साचा हवा असेल तर ईअर्स नावाची एक पद्धत आहे. अ‍ॅलिस्टर मॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोल्स-रॉइसमध्ये विमानाच्या इंजिनाच्या नियंत्रण यंत्रणेच्या रिक्वायरमेंट लिहिताना ती बसवली आणि २००९ मध्ये मांडली. गाभा अगदी साधा: काय घडलं की सिस्टीमने काय करायचं. मराठीत ती छान बसते. ‘जेव्हा हिशेबनीस बिल मंजुरीसाठी पाठवतो, तेव्हा सिस्टीमने विभागप्रमुखाच्या यादीत ते दाखवावे.’ नको असलेल्या घटनांसाठी ‘जर-तर’: ‘जर त्याच पुरवठादाराचा तोच बिल क्रमांक आधी नोंदलेला असेल, तर सिस्टीमने नवी नोंद अडवावी आणि आधीची दाखवावी.’ जर-तरची वाक्यं ‘जेव्हा’वाल्यांपेक्षा कमी भरली तर काहीतरी राहिलंय असं मी समजतो.

टेम्पलेटबद्दल जाता जाता: रिक्वायरमेंटच्या डॉक्युमेंटसाठीच्या आयट्रिपलई ८३० या मानकाचा साचा माझ्या हातात अजूनही अधूनमधून येतो. ती १९९८ ची आवृत्ती. २०११ मध्ये तिची जागा २९१४८ क्रमांकाच्या मानकाने घेतली आणि तेही २०१८ मध्ये सुधारलं गेलं. साचा जुना असल्याने प्रोजेक्ट बुडत नाही, पण ‘आम्ही मानकाप्रमाणे लिहितो’ असं सांगणाऱ्याला एकदा क्रमांक विचारून बघा.

बटण मागितलं तर बटण देऊ नका, निदान लगेच

‘इथे एक्सेलमध्ये डाउनलोडचं बटण हवं.’ ही बहुधा जगातली सर्वांत जास्त वेळा लिहिली गेलेली रिक्वायरमेंट असावी. मी ‘का’ विचारायचं सोडून दिलंय. ‘का’ विचारलं की समोरचा बचावात जातो, त्याला वाटतं आपण नाही म्हणायची तयारी करतोय. त्याऐवजी विचारतो, ‘‘फाइल उतरली, आता पुढे काय करता? माझ्यासमोर करून दाखवा.’’

एकांनी करून दाखवलं. फाइल उघडली, दोन कॉलम लपवले, एक कॉलम नवा घातला, त्यात कोणतं बिल किती दिवस अडकलंय ते मोजलं, तीसच्या वरच्या ओळी लाल केल्या आणि मॅनेजरला मेल केली. दर सोमवारी. त्यांना एक्सेल नको होतं, अडकलेल्या बिलांची यादी हवी होती, आणि मॅनेजरलाही तीच. बटण दिलं असतं तर यूएटी पास झाली असती, आणि सोमवारची सकाळ मात्र तशीच गेली असती.

कधी कधी बटणच हवं असतं. तेव्हा द्या. प्रत्येक मागणीमागे गूढ गरज लपलेली असते असं मानणारे अ‍ॅनालिस्टही मी पाहिलेत. त्यांच्यासोबत मीटिंग संपत नाही.

‘सध्याच्या सिस्टीमसारखंच’

हे वाक्य डॉक्युमेंटमध्ये दिसलं की मी पान तिथेच दुमडून ठेवतो. याचा धोका कळायला सॉफ्टवेअरच्या इतिहासातला एक फार महागडा अपघात उपयोगी पडतो. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत वाट सोडून फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून जसंच्या तसं घेतलं होतं. त्यातला एक भाग उड्डाणानंतरही साधारण ४० सेकंद चालू राहायचा. एरियन ४ मध्ये त्याला कारण होतं, एरियन ५ मध्ये त्याची गरजच नव्हती. पण दोन्हींत सारखेपणा राहावा म्हणून तो ठेवला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, तिचंही तेच झालं.

आपल्या बिलांच्या सिस्टीमने काही फुटत नाही, पण घडतं तसंच. जुन्या स्क्रीनवर ‘वर्ग कोड’ नावाचा रकाना असतो, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, सगळे त्यात ९ टाकतात. नव्यातही तो येतो, तोही सक्तीचा. आणि दुसऱ्या टोकाला, जुनी सिस्टीम न बोलता जे करत होती (रात्री आपोआप शिल्लक पुढे ओढणं, शेवटची दोन वर्षं वगळून जुनी नावं लपवणं) ते कुणी सांगत नाही, कारण कुणाला ते माहीतच नसतं. ते गो-लाइव्हनंतर, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष वापरात आल्यावर, कळतं.

उपाय डेटाबेसमध्ये आहे. उचलायच्या प्रत्येक रकान्यासाठी वर्षवार मोजा: किती ओळींत तो भरलेला आहे, आणि त्यात वेगवेगळ्या किती किमती (म्हणजे भरलेले आकडे किंवा शब्द) आहेत. नव्वद टक्के ओळींत एकच किंमत असेल तर तो रकाना मेलेला आहे, किंवा उरलेल्या दहा टक्क्यांत एखादी खरी गोष्ट लपली आहे. दोन्ही बघण्यासारखं. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांची यादी सर्व्हरवरून घ्या, माणसांकडून नको. प्रत्येक कामापुढे त्याचा निकाल वापरणाऱ्याचं नाव लिहा. ज्यापुढे नाव येत नाही ते बंद करण्याआधी मात्र निदान एक महिनाअखेर थांबा.

लिहिलं होतं, तरीही

काही तक्रारींत डॉक्युमेंट निर्दोष निघतं. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या (यानाची दिशा सावरणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) धक्क्याचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत देत होतं, घेणारं सॉफ्टवेअर ते न्यूटन सेकंद समजत होतं. दोहोंत साधारण साडेचार पटींचा फरक. दोन सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीच्या कागदात न्यूटन सेकंद हे एकक स्पष्ट दिलेलं होतं. कागद बरोबर असून यान गेलं.

म्हणून दोन सिस्टीम एकमेकांशी बोलणार असतील तर कागदावर थांबू नका. पहिल्याच आठवड्यात समोरच्यांकडून एक खरी फाइल मागवा. नमुना नको, काल तयार झालेली खरी फाइल. ती उघडून बघा: रक्कम रुपयांत आहे की पैशांत, तारखेत दिवस आधी की महिना, रिकामी जागा शून्य म्हणून येते की मोकळी. ‘फाइल पुढच्या महिन्यात देतो’ असं उत्तर आलं तर तो धोका म्हणून नावानिशी नोंदवा.

बाकी रिक्वायरमेंटसाठी एक साधा तक्ता पुरतो: रिक्वायरमेंटचा क्रमांक, कुणी सांगितलं, कोणत्या स्क्रीनवर आहे, कोणत्या टेस्ट केसने (ठरवून लिहिलेल्या चाचणीने) तपासली. चौथा रकाना रिकामा असलेल्या ओळी दर शुक्रवारी मोजा. हा तक्ता सांभाळायला कंटाळा येतो, मलाही येतो. पण क्रमांक दिला आणि जुळवला नाही तर क्रमांक देण्यात अर्थ नाही.

सगळंच ‘मस्ट’

प्राधान्यासाठी मॉस्को पद्धत सगळ्यांना माहीत असते: मस्ट (हवंच), शुड (असावं), कुड (असलं तर बरं), वोन्ट (या वेळी नाही). डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ती मांडली. प्रत्यक्षात पहिला रकाना भरतो, चौथा रिकामा राहतो. ‘हे किती महत्त्वाचं?’ विचारलं की उत्तर ‘फार’ असंच येणार. त्याऐवजी विचारा: ‘‘गो-लाइव्हच्या दिवशी हे नसेल तर सकाळी दहा वाजता काम कसं चालवाल?’’ समोरचा सांगू लागला, ‘तसं आठवडाभर वहीत लिहून चालवू’, की ते मस्ट नाही. काहीच सुचलं नाही तर मस्ट. आणि चौथा रकाना आधी भरा, क्लायंटसमोर, तोंडाने वाचत. ‘या वेळी येणार नाही’ हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येक जण ते येणार असं धरून चालतो.

सही घेण्याआधी दहा खऱ्या केसेस

दीडशे पानांवर सही घेण्याऐवजी मी आता दोन तासांची एक बैठक घेतो. अट एकच: रोज ते काम करणारी दोन माणसं हवीत. मॅनेजर आले तर चांगलंच, पण मॅनेजर एकटेच आले तर बैठक पुढे ढकलतो. लाजेकाजेखातर एकदा ढकलली नाही, त्याची फळं भोगली.

त्यांनी गेल्या महिन्यातल्या दहा खऱ्या केसेस कागदांसकट आणायच्या. सरळसोट दोनच. बाकीच्यांतल्या काही मी नाव घेऊन मागतो: रद्द झालेली एक, अर्धा माल आलेली एक, मागच्या तारखेने नोंदलेली एक, महिन्याच्या शेवटच्या दिवशीची एक, सही करणारा रजेवर असतानाची एक, ज्यावरून फोनवर भांडण झालं ती एक. मग डॉक्युमेंट हातात घेऊन प्रत्येक केस त्यातल्या वाक्यांनी पुढे सरकवायची. सॉफ्टवेअर लागत नाही. जिथे वाक्य सापडत नाही तिथे केस अडकते, आणि अडकली की सगळ्यांना दिसतं.

भांडणाची केस सोडू नका. तिथे नियम काय आहे ते कळत नाही, पण नियम मोडायचा अधिकार कुणाला आहे ते कळतं. ‘मग साहेबांना फोन केला आणि त्यांनी हो म्हटलं’ हे वाक्य म्हणजे एक अधिकार, एक स्क्रीन आणि एक लॉगची नोंद, असा तीन रिक्वायरमेंटचा ऐवज असतो.

खरोखर बदललं तर

नियम बदलतो, कंपनी विभाग जोडते, नवा प्रमुख येतो. हे होणारच. सही झालेल्या प्रतीला आवृत्ती क्रमांक द्या आणि नंतरचा प्रत्येक बदल एका ओळीत नोंदवा: कुणी मागितला, कशाला धक्का लागतो, किती दिवस वाढतात किंवा बदल्यात काय वगळलं. शेवटचा भाग गाळू नका. तारीख तीच, माणसं तेवढीच आणि काम मात्र वाढलेलं, असा बदल कुणी मंजूर करत असेल तर त्याने फक्त उशीर मंजूर केलेला असतो.

सगळ्यांत घातक बदल जाता जाता सांगितलेले असतात. क्लायंटकडचा माणूस डेव्हलपरला फोन करतो, ‘एवढं एक फील्ड वाढव ना’, डेव्हलपर चांगुलपणाने वाढवतो. टेस्टरला माहीत नाही, तो बग टाकतो. दुसरा डेव्हलपर बग म्हणून ते फील्ड काढून टाकतो. मी हे प्रत्यक्ष घडताना पाहिलंय, दोनदा. डेव्हलपरला ‘नाही म्हण’ असं सांगून फरक पडत नाही. त्याला एक तयार उत्तर द्या: ‘‘करतो, फक्त अ‍ॅनालिस्टला एक ओळ मेल करा.’’ निम्मे फोन तिथेच विरतात.

चेंज रिक्वेस्ट (बदलाचे वेगळे पैसे मागणारा कागद) हत्यारासारखी वापरू नका. यादी फोडल्यावर जे ‘अर्थ वेगळा घेतला’ या कप्प्यात पडलं त्याचे पैसे मागताना माझी जीभ तरी अडखळते. त्यात चूक अर्धी आपलीही असते. तो खर्च वाटून घ्यायचं करारातच ठरवलेलं असेल तर उत्तम.

एवढं करूनही तेच होत असेल तर

मग बहुधा ती रिक्वायरमेंटची अडचण नाही. दोन विभागांचं आपसांत पटत नाही आणि निकाल सॉफ्टवेअरने द्यावा अशी सगळ्यांची छुपी अपेक्षा आहे. विक्रीला उधारीची मर्यादा ओलांडू द्यायची आहे, हिशेबाला नाही. दोघंही तुम्हाला वेगवेगळं सांगतात, दोघंही खरं सांगतात. तुम्ही मधलं काहीतरी लिहिता आणि यूएटीत दोघंही नाराज होतात. अशा जागी मी आता वाक्य लिहीतच नाही. जागा मोकळी ठेवतो, त्यात दोन्ही पर्याय, निर्णय घेणाऱ्याचं पद आणि शेवटची तारीख लिहितो. तारीख उलटली की त्या भागाचं काम थांबतं, आणि ते थांबलंय हे दर आठवड्याच्या रिपोर्टात पहिल्या ओळीत येतं.

आज तिसरा दिवस असेल तर

वाचता वाचता तुम्ही नेमके यूएटीच्याच खोलीत बसला असाल तर वरचं सगळं पुढच्या वेळी. आत्ता ‘डॉक्युमेंटमध्ये असंच आहे’ हे वाक्य तोंडातून काढू नका, ते खरं असलं तरी. त्या माणसाशेजारी खुर्ची घ्या. त्याला हेच काम आजवर करतो तसं जुन्या पद्धतीने एकदा करून दाखवायला सांगा, आणि तो करत असताना मध्ये बोलू नका. जे दिसेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. दिवसअखेर सगळ्या ओळींना एकच प्रश्न लावा, तोच सकाळी दहाचा: हे नसेल तर काम कसं चालवाल? ज्यांना उत्तर नाही त्या सात-आठ ओळी आज रात्री डेव्हलपरकडे जातील. बाकीच्यांवर आवृत्ती क्रमांक टाका आणि यादी खोलीतल्या सगळ्यांना, त्या शेजारच्या खुर्चीवाल्यालाही, घरी जायच्या आत मेल करा.